मिस्त्रींचा हार
झेंडूचा वास आला की मला चाकणची ती शेड आठवते, जिथे आम्ही छोट्या विमानाच्या इंजिनाभोवतीचं तापमान मोजून आगीची सूचना आधीच देणारं यंत्र तपासत होतो. त्या दिवशी खंडेनवमी होती. म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, जाड हार घातला आणि रीतीप्रमाणे ते पाच मिनिटं चालू केलं. काचेआड बसलेल्या मला स्क्रीनवर तापमानाचा आकडा चढताना दिसला. "सर, बंद करू?" मी विचारलं. "सेन्सरला कुंकू लागलंय, म्हणून काहीही दाखवतोय. पूजेचं मशीन मधेच थांबवतात का राव?" शेजारी बसलेले साहेब हसले. इंजिन बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं, पण नोकरी नवी होती. आकडा चढतच राहिला. मग जळक्या फुलांचा वास आला. हार इंजिनाच्या हवेच्या झरोक्यात ओढला गेला होता. मी बटण दाबलं तोवर धूर निघाला होता आणि मिस्त्री दोन्ही हातांनी हार उपसत होते. दवाखान्यात हातांना पट्ट्या बांधून बसलेले तेच मला म्हणाले, "माझाच हार व्हता, तू कशापायी रडतो?" हल्ली हिंजवडीच्या ऑफिसात दर खंडेनवमीला मी लॅपटॉपला फूल वाहतो आणि ते हात दिसतात. यंत्रानं वेळेत सांगितलं होतं, आणि ते मलाच सांगितलं होतं.