यादीची नक्कल

“नक्कल केली होती मी! मूळ यादीला हातसुद्धा लावला नव्हता!”

“मग मूळ यादी कुठंय? दाखवा ना.”

मास्तरांनी पुन्हा कीबोर्ड बडवला. पडद्यावर तीच एकोणचाळीस नावं. बायकोच्या शिवणाच्या दुकानातली चौदा वर्षांची गिऱ्हाइकं, चारशेवर माणसांची मापं, या गृहस्थांनी चहा गार व्हायच्या आत साफ केली होती. या महिन्यात कोण कोण येऊन गेलं, ते वेगळं काढून दाखवतो म्हणाले. तिनं मागितलंही नव्हतं.

मास्तरांना संगणकाच्या अकरा भाषा येत. क्लासात शिकवून उरलेलं ते घरी जेवताना शिकवत. कुठल्या भाषेत यादी शून्यापासून मोजायची, कुठल्या भाषेत एकापासून. शब्द तोडायचा कसा, जोडायचा कसा, उलटा कसा करायचा. अकरा रकान्यांचा तक्ताच बैठकीच्या भिंतीवर डकवला होता. पाहुण्यांना त्यासमोर उभं केलं की ते चपला शोधू लागत. अकरापैकी एका तरी भाषेत मास्तरांनी कुणाच्या उपयोगाचं काही केल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. मापांच्या जुन्या वह्या मात्र ‘आता कशाला’ म्हणत त्यांनीच रद्दीत घातल्या होत्या.

“तसं नाही गं,” मास्तर शिकवायच्या सुरात आले. “काही भाषांत नक्कल केली की खरीच दुसरी यादी होते. या भाषेत त्याच यादीला नुसतं दुसरं नाव मिळतं. एकीतलं खोडलं की दुसरीतलंही जातं. म्हणजे दोष भाषेचा—”

“हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक? पहिल्याच आठवड्यात शिकवतो मी हे!”

“मग त्या आठवड्यात तू गैरहजर होतास का रे?” आतून सासूबाईंनी विचारलं. लेक फिस्सकन हसली.

बायकोला हसू आलं नाही. गिऱ्हाइकांतल्या एका बाईचा खांदा ऑपरेशननंतर उतरला होता. पुन्हा कधी टेप लावून घ्यायला लागू नये म्हणून तिनं ते माप दार लोटून, एकदाच घेतलं होतं. तशी आणखी कितीतरी. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

“दुसऱ्या भाषेत लिहिलं असतं ना, तर—” मास्तर तक्त्याकडे बोट नेत होते.

“उद्या सकाळी नऊला तुम्ही माझ्याबरोबर दुकानात येताय,” ती म्हणाली. “महिनाभर काउंटरवर बसायचं. येईल त्याला, ‘मापं माझ्या हातून पुसली गेली,’ हे तुम्ही सांगायचं. मी नाही. क्लासला तसं कळवून टाका.”