गांडुळांना घातलेला गूळ

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसाल हे ठाऊक आहे मला, पण आधी तो कप खाली ठेवा. परवा हेच ऐकताना शेजारणीच्या नाकातून चहा आला आणि तिची नवी साडी धुवायला टाकावी लागली.

तर गोष्ट नाकापासूनच सुरू करते. माझं नाक आमच्या भावकीत प्रसिद्ध आहे. दिसायला नव्हे हो, कामाला! सणसरला राहत होतो तेव्हा गावातलं दारूचं दुकान बायकांनी मतदान करून बंद पाडलं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. ती आडवी करण्यात मी सगळ्यांत पुढं. पारावर उभी राहून भाषण ठोकायची, "पिणाऱ्याला काय बोलता? आधी पाजणाऱ्याला धरा!" ह्या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. कुणी चोरून घोटभर घेतली असली तरी मला नुसतं जवळून जाताना कळायचं. मी समोरून आले की भलेभले गडी बोळात वळायचे.

आमच्या ह्यांचं नाक मात्र जन्माचं चोंदलेलं. दूध करपलं तरी हे शांतपणे पेपर वाचत बसणार. एकाला काहीच वास येत नाही आणि दुसरीला सगळ्या जगाचा येतो, असा आमचा संसार. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही बारामतीला फ्लॅट घेतला. छोटासाच आहे, पण बाल्कनी छान आहे. तिथं माझी तुळस, मोगरा, कढीपत्ता.

मागं एकदा सणसरला मोठ्या दिरांकडे गेलो होतो. त्यांना सगळे आबाच म्हणतात. पक्के माळकरी, बोलणं मोजकं. त्यांनी उसाच्या कडेला सावलीत गांडूळखताचा वाफा केलाय. त्या खतावरची जास्वंद बघितली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की आपणही घरी हे करायचं. आबांनी पोत्यात शेण, पाला आणि मूठ-दोन मूठ गांडुळं बांधून दिली. वर बजावलं, "सुनंदा, मूठभरच घाल. खाल्लं की मग फुडचं. आंबाट-खारट नगं, आन् वल जास्त करू नगंस."

मी डोक्यावरचा पदर सावरत हो हो म्हणाले. ऐकलं किती, ते पुढं कळेलच.

ह्यांनी एक निळा ड्रम कापून आणला, भोकं पाडली, खाली छोटा नळ बसवला. झिरपलेलं पाणी त्या नळातून काढायचं आणि झाडांना घालायचं. आता एक गुपित सांगते. मला गांडुळांची भयंकर किळस येते. आणायची हौस माझी, पण बघायची हिंमत नाही. मी नाकाला पदर लावायची, तोंड फिरवायची, झाकणाचा कोपरा उचलून सालं टाकायची की पळाले आत. बाकी सगळं हेच बघायचे. खुर्ची टाकून दुपारभर ड्रमापाशी बसायचे, हातानं माती वरखाली करायचे आणि मला हाका मारायचे, "अगं बघ तरी, किती गुणी आहेत!"

गुणी होती म्हणूनच मला वाईट वाटायला लागलं. सासरहून आलेली मंडळी, आणि त्यांना आपण काय वाढतोय तर दोडक्याची सालं? आमच्याकडे गॅसवाल्यालासुद्धा चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. मग मला जीवामृत आठवलं. आपल्याकडे शेतात करतात ते. शेणात, गोमूत्रात गूळ आणि बेसन कालवलं की बघता बघता त्यात जिवाणू वाढतात आणि सगळं रान सुधारतं. एवढं मोठं रान सुधारतं तर माझा ड्रम का नाही सुधारणार?

झालं. हे आंघोळीला गेले की मी रोज गुळाचं पाणी आणि मूठभर बेसन आत ढकलायची. खालच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणायची, तीही आत. शेजाऱ्यांना वास नको म्हणून झाकण दाबायचं आणि वर वीट. ह्यांना एका शब्दानं बोलले नाही. गांडुळं दुप्पट झाली की चकित करायचं होतं ना!

आणि एके दिवशी हे बाल्कनीतून पाणी प्यायला आत आले, माझ्या शेजारून गेले आणि माझं नाक ताठ झालं.

हातभट्टी.

म्हटलं, छे, भलतंच काहीतरी. दुसऱ्या दिवशी ह्यांचा खांद्यावरचा टॉवेल धुवायला घेतला, त्यालाही तोच वास. तो वास मी झोपेत ओळखीन हो! मग मी पाळत ठेवली. हे गुणगुणायला लागले होते. स्वतःच्या लग्नात ज्या माणसाच्या तोंडून सूर निघाला नाही, तो बाल्कनीत बसून अभंग म्हणतोय! डोळे लाल. उन्हाळा होता, मान्य आहे, पण तेव्हा कुणाला सुचतंय? एका सकाळी मी अचानक बाल्कनीत गेले तर ह्यांनी स्टीलचा ग्लास झटकन पाठीमागं लपवला. "काही नाही, पाणी," म्हणाले. आणि झाडताना तुळशीच्या कुंडीमागं सापडली एक बाटली. सरबताची, पण आत चहाच्या रंगाचं काहीतरी. मी उघडूनही बघितली नाही. गरजच काय होती?

खरं सांगते, त्या दिवशी भाकरी थापताना मी रडले. जन्मभर ऑफिसातून थेट घरी आलेला माणूस. प्रत्येक भाषणात मी छाती पुढं काढून ह्यांचं उदाहरण दिलेलं. उतारवयात ह्यांना असं काय दुःख झालं, की ते मला सांगण्याऐवजी बाटलीला सांगावं? माझंच कुठंतरी चुकलं असणार, असं वाटून जीव नुसता कासावीस झाला.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? नवऱ्याला विचारलं असतं. पण बाटली आडवी करणारी बाई विचारत बसत नाही, ती कारवाई करते. मी आबांना फोन लावला. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "उद्या येतो. माळ घिऊन येतो."

आमच्या घरात हा शेवटचा उपाय. एकदा गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू तर सुटतेच, मटणही जन्माचं सुटतं. माळ मोडण्याची कुणाची छाती नाही. ह्यांचं मटण सुटणार म्हणून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हटलं, आपण आपल्यापुरतं थोडं करत जाऊ. कारण रविवारी मटण नसेल तर मला तो रविवार वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आबा आले. धोतर, टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेली माळ. भाऊ अचानक आला म्हणून हे खूश. आबांनी मात्र ह्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाळू, आपल्या बापानं कधी थेंबाला शिवलं न्हाय. तुला रं काय कमी पडलं?"

"कशाचा थेंब?" हे म्हणाले.

मी पुढं झाले आणि बाटली टीपॉयवर आदळली. "हे काय आहे ते सांगा आबांना."

ह्यांचा चेहरा पडला. "अगं, ते ड्रमाच्या नळाचं पाणी. तुझ्या मोगऱ्यासाठी साठवत होतो. बाटली भरली की तुला देणार होतो."

"आणि तो ग्लास?"

आता मात्र ह्यांनी मान खाली घातली. "कारल्याचा रस. तू रोज सकाळी देतेस तो. मला नाही जात गं घशाखाली. ड्रमात ओततो."

आबांनी बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि मान झटकली. मग ते उठले आणि बाल्कनीत गेले. वीट बाजूला केली, झाकण उचललं. गडबडीत मी नाकाला पदर लावायला विसरले होते. काय सांगू तुम्हाला, असा भपकारा आला की सणसरचं ते जुनं दुकानच समोर उभं राहिलं. आत फेस फसफसत होता आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, ड्रमाच्या काठाला, सगळी गांडुळं वर येऊन चिकटलेली. बिचारी बाहेर पडायची वाट शोधत होती.

आबांनी काडीनं चिपाडं उचकली. "बाळू, गूळ तू घातलास व्हय?"

"गूळ? नाही बा."

मग दोघंही भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी तुळशीकडे बघत होते. "ते... जीवामृतात घालतात ना, म्हणून..."

"जीवामृत पातळ करून रानात वततो आपन," आबा म्हणाले. "झाकान दाबून वर ईट ठिवत न्हाय. ही तू भट्टी लावलीस की गं."

एवढा आळ आला तरी हे एका शब्दानं चिडले नाहीत. घमेलं आणलं, एकेक गांडूळ अलगद उचलून त्यात ठेवायला लागले. आणि ठेवता ठेवता एकदम हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सुनंदा, पारावर उभी राहून काय म्हणायचीस गं तू? पिणाऱ्याला काय बोलता..."

"...आधी पाजणाऱ्याला धरा," आबांनी पुरं केलं. आबांना हसताना मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

मी ह्यांची माफी मागितली, अगदी मनापासून. म्हणाले, "माफ केलं. पण कारलं बंद." ड्रम धुतला, कोरडा पाला आणि नारळाच्या शेंड्या घातल्या, झाकण उघडं ठेवलं. बरीचशी गांडुळं वाचली. आता ती दोडक्याच्या सालांवर सुखात आहेत.

जेवणं झाल्यावर आबा निघाले तेव्हा ते फडकं टीपॉयवरच होतं. मी म्हटलं, "आबा, आता ही माळ परत न्या."

"देवाच्या पायाला लावून आणलीया. अशी परत न्हेत नसत्यात."

"मग ह्यांना घालता?"

"त्येनं काय क्येलंय?" असं म्हणून आबांनी माझ्या गळ्याकडे बघितलं.

तर आता दर रविवारी हे खानावळीतून मटणाचं पार्सल आणतात. माझ्यासमोर नको म्हणून बिचारे बाल्कनीत ड्रमाशेजारी बसून खातात, आणि मी आत कारल्याची भाजी खाते. ह्यांना तर त्या मटणाचा वाससुद्धा येत नाही. तो सगळा मलाच येतो.