पहिल्या भागाच्या शेवटी पडलेला लक्ष्मण

आधीच स्पष्ट करते. मी सदाशिव पेठेत वाढले, साउंड इंजिनिअरिंग केलं, आणि आवाज म्हणजे हवेतला दाब, यापलीकडे त्यात काही असतं असं मला कधी वाटलं नाही. कुणाच्या अंगात यायला लागलं की मी चप्पल घालून निघते. तेव्हा 'बिचारीला भास झाला असेल' अशा सहानुभूतीने वाचणार असाल तर कृपया वाचू नका.

खडकी स्टेशनजवळ एका दुमजली इमारतीत आमचा डबिंग स्टुडिओ आहे. दुसऱ्या भाषांतले सिनेमे मराठीत करायचे, हे आमचं काम. काचेच्या अलीकडे मशीनवर मी, पलीकडे बूथमध्ये माइकसमोर आर्टिस्ट. पुण्यात आयटी पार्क आणि मल्टिप्लेक्स धडाधड उभे राहत होते त्या काळात आमच्याकडे एक अवाढव्य पौराणिक सिनेमा आला. अख्खं रामायण, दोन भागांत, पाच भाषांत. मराठीतल्या लक्ष्मणाचा आवाज होता अमोलचा.

अमोल मूळचा दर्यापूरकडचा. वडील लवकर गेले, आई आणि तो विश्रांतवाडीत राहायचे. कॉल सेंटर सोडून तो पूर्णवेळ डबिंगमध्ये आला होता. मायलेकांचं घर त्याच्या गळ्यावर चालत होतं.

पहिल्या भागाच्या शेवटच्या दिवशी काकू, म्हणजे त्याची आई, मुलाचं काम बघायला आल्या होत्या. भर दुपार होती. शेवटचा सीन असा, की लक्ष्मणाला शक्ती लागते, तो 'दादा...' म्हणून कोसळतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात, 'उर्वरित कथा दुसऱ्या भागात'. प्रेक्षकांनी पुन्हा तिकीट काढावं म्हणून केलेला उद्योग. अमोलने टेक झकास दिला. काकूंनी विचारलं, मग उठतो कधी? मी म्हटलं, दीड-दोन वर्षांनी, पुढचा भाग आला की.

काकू खुर्चीतून उठल्याच. "काहून? त्याले तसाच पाडून ठेवता?"

मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावी मारुतीच्या देवळात रामायणाची पोथी लावतात तेव्हा लक्ष्मण पडला की वाचन थांबवत नाहीत. वाचणारा दमला तर दुसरा बसतो, पण लक्ष्मण उठल्याशिवाय पोथी बांधत नाहीत आणि कोणी घरी जात नाही. मी म्हटलं, काकू, इथे कोणी कधी उठायचं ते प्रोड्युसर ठरवतो. बूथमध्ये अमोलही हसला. मी त्याला सेफ्टीसाठी अजून एक टेक मागितला.

त्याचे ओठ हलले. मशीनवर काही नाही. केबल सैल झाली असेल म्हणून चरफडत बूथमध्ये गेले, तर तो माझ्यासमोर उभा राहून बोलत होता आणि त्याच्या तोंडून काहीही येत नव्हतं. कुजबुजसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांतली भीती मला अजून दिसते.

डॉक्टर करून झाले. स्वरतंतू उत्तम. मानसिक ताण म्हणाले, गोळ्या दिल्या, व्यायाम दिले, काडीचा फरक नाही. काकूंनी विश्रांतवाडीतल्या गावाकडच्या लोकांना जमवून घरी पोथी लावली, लक्ष्मण उठेपर्यंत वाचली. तरी अमोल गप्पच. मला म्हणाल्या, पोथीतला उठला बाई, तुमचा अजून पडूनच आहे. मी दिग्दर्शकाच्या ऑफिसला फोन लावला, लक्ष्मणाला आत्ताच उठवता येईल का म्हणून. काय सांगणार, कपाळ! तिकडचा असिस्टंट हसून म्हणाला, मॅडम, उठणार आहे ना पार्ट टूमध्ये. पुढे पहिला भाग सणकून आपटला आणि पार्ट टू गुंडाळला गेला.

नंतर एकदा अमोल कपाटातलं त्याचं सामान न्यायला आला. सवयीने बूथमध्ये जाऊन बसला. मी हेडफोन लावून माइक तपासत होते.

"ही खुर्ची कोणी खाली केली?"

त्याचा आवाज. स्वच्छ, नेहमीसारखा वैतागलेला. मी हेडफोन काढून फेकलाच. काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते आणि मशीनवर आवाजाचा मीटर नाचत होता.

तुम्ही विचाराल ते सगळं करून पाहिलंय. दुसरा माइक, दुसरा स्टुडिओ, मोबाईल... काही नाही. फक्त तोच बूथ, तोच माइक, आणि ऐकू येणार फक्त हेडफोनमध्ये. रेकॉर्ड केलं तर फाइलमध्ये सरळ रेघ. म्हणजे काम गेलं ते गेलंच. अमोल आता एका कंपनीत डेटा एंट्री करतो. पण दर शनिवारी दुपारी मायलेक येतात. तो बूथमध्ये बसतो, काकू माझ्या खुर्चीत हेडफोन लावून बसतात, आणि आठवडाभराचं बोलून घेतात. ऑफिसातला साहेब, भाजीत मीठ जास्त, असलंच. मी चहाला जाते. मला वाटायचं, चला, एवढं तरी मिळालं त्या माउलीला.

मागच्या शनिवारी मी चहा घेऊन आले तेव्हा काकू बोलत होत्या. बूथमध्ये ऐकू जाण्यासाठीचं टॉकबॅकचं बटण दाबून, हसून, "हो रे, जेवली मी." मीटर हलत होता. मी कप ठेवला आणि सहज काचेतून पाहिलं. बूथमध्ये दिवाही लागलेला नव्हता. खुर्ची रिकामी.

मागे दार वाजलं. अमोल होता, हेल्मेट हातात. खाली गाडी लावायला जागा मिळत नव्हती, म्हणून आईला पुढे पाठवून आत्ता वर येत होता.

आम्ही दोघं तो हलणारा मीटर बघत उभे राहिलो. आवाज बंद करायला मी फेडरच्या पट्टीकडे हात नेला, तर अमोलने मनगट धरलं. त्याने आईकडे पाहिलं आणि मान हलवली... नको. मला रडू फुटलं. इतके शनिवार त्या कुणाशी बोलत होत्या? आणि अमोलच्या ओठांशी ते शब्द जुळत कसे होते? मला माहीत नाही. अमोललाही माहीत नाही.

काकूंना आमची चाहूलच नव्हती. त्या बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मग काचेला हात लावून, लहान मुलाची समजूत घालावी तशा म्हणाल्या, "उठवू रे बाप्पा, उठवू तुले."