फुला, वाट बघू नकोस

नवरा वारला तेव्हा सरोज जेमतेम तेविशीची होती. भोरमधल्या सासरी तिला माडीवरची खोली मिळाली. थोरले दीर गंगाधरपंत कचेरीत कारकून. तिला खायला-ल्यायला त्यांनी काही कमी केलं नाही, पण घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. "लोक काय म्हणतील?" एवढंच ते म्हणत. जाऊ शैलजाबाई ताट वर पोचवी आणि जाताना दाराला बाहेरून कडी घाली.

गल्लीतली पोरं दुपारी खिडकीखाली जमत. सरोज वरून त्यांना राक्षसानं बुरुजात कोंडलेल्या राजकन्येची गोष्ट सांगे. शेवटी राजपुत्र येऊन तिला सोडवी.

एकदा शेजारच्या फुलानं विचारलं, "त्याला रस्ताच सापडला नाही तर?"

दुसऱ्या दिवशी सरोजनं गोष्टच बदलली. राजकन्येनं साड्यांना साड्या बांधल्या आणि ती आपली आपण खाली उतरली. पोरं खूश.

गणपतीतल्या मेळ्यात ही गोष्ट करायचं ठरलं. पण मेळ्याचे आनंदराव म्हणाले, "घरंदाज माणसं बघायला येणार. राजपुत्र हवाच."

मांडव खिडकीखालीच होता. फुला टेबलांच्या बुरुजावर उभी राहिली. राजपुत्र झालेला पोरगा गर्दी बघून बावरला, पडद्याआडून हलेचना. फुलाचे डोळे भरून आले.

वरून आवाज आला, "फुला, वाट बघू नकोस! साडी बांध नि उतर!"

फुला उतरली. टाळ्यांनी गल्ली दणाणली. पुढच्या खुर्चीवरच्या गंगाधरपंतांनी मान वर केली नाही.

सकाळी सुतार आला. खिडकीवर फळ्या ठोकल्या गेल्या. पोरांनी काही दिवस खालून हाका मारल्या, मग ती दुसरीकडे खेळू लागली. अंधारात बसून बसून सरोजचं बोलणंच तुटलं.

संक्रांतीनंतर एका सकाळी, पंत कचेरीत गेल्यावर, शैलजाबाई रिकाम्या हातानं वर आली.

"नसरापूरला बालवाडी निघालीय. बाई हव्यात. आनंदरावांकरवी मी निरोप धाडलाय. ऊठ."

"भाऊजी?"

"त्यांचं मी बघते."

"तुम्हीही चला ना, जाऊबाई."

"माझी मुलं आहेत इथं," शैलजाबाई म्हणाली आणि तिनं सरोजची पिशवी भरायला घेतली.

सरोज भिंतीला धरून जिना उतरली. एसटीत ती खिडकीपासून लांब, आतल्या बाजूला बसली.

नसरापुरात तिला अडवणारं कुणी नव्हतं. तरी बाजारात जायचं झालं की ती घरमालकीण अक्काबाईंना विचारी, "जाऊन येऊ का?"

"आवं बाई, मला काय इचारता? जावा की!"

ती सवय जायला वर्षं लागली.

पुढं एका लग्नाला गंगाधरपंत बायकोला घेऊन नसरापूरला आले. एसटी स्टँडवर सरोज समोर दिसली. ती धावतच शैलजाबाईकडे गेली.

"बरी आहेस ना?" शैलजाबाईनं विचारलं.

"मी बरी. तुम्ही?"

पुढून पंतांची हाक आली. शैलजाबाईनं पदर सारखा केला आणि ती त्यांच्यामागून निघाली.