शेवंती दोनदा विचारायची

"ठाऊक नसेल तर एकदा विचार, ठाऊक असेल तर दोनदा."

हे वाक्य शेवंतीचं. टेकडीच्या पायऱ्या चढताना, कुणाच्या दारात बसून मुलाला लस कधी दिली ते विचारताना, शाळेच्या पालकसभेत मागच्या बाकावरून उठताना ती हेच म्हणायची. लोक हसायचे. "आली बघा प्रश्नपत्रिका," असं आमच्या आळीतला विशाल म्हणायचा. ती त्यालाही सोडायची नाही. "हस रे. तुझ्या पोरीचं वजन किती ते सांग आधी." मग त्याचं हसणं थांबायचं, कारण त्याला ठाऊक नसायचं.

आमची वस्ती घाटकोपरच्या टेकडीवर, साकीनाक्याच्या अंगाला. वर चढायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. वस्तीतली निम्मी घरं आमच्या गावची, कोकणातली. आमच्या बापांनी गिरण्यांत आयुष्य काढलं, गिरण्या गेल्या तसे आम्ही मिळेल त्या कामाला लागलो. गावकीची एक खोली आहे, तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सगळे जमतात. गावच्या देवळाचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या आजाराचं बोलणं होतं आणि शेवटी मी गोष्ट सांगतो. मला भाऊ म्हणतात. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी वाचायला शिकलो, आणि माझ्यासारखं अक्षर टेकडीवर कुणाचं नाही. गावची पत्रं मी लिहिली, अर्ज मी लिहिले. मला वाटायचं, ज्याला अक्षर आलं त्याला सगळं आलं.

शेवंती लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. दुसरीतून शाळा सुटलेली, नवरा साकीनाक्याला पत्र्याच्या कारखान्यात. पहिली मुलगी झाली, गोरीपान. दीड वर्षाची असताना तिला जुलाब लागले. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पाणी देऊ नकोस, पाणी दिलं की जुलाब वाढतात. शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला ना. मीही मान हलवली. मला काही ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. पोरगी पाण्यासाठी ओठ हलवत गेली.

काही वर्षांनी एक डॉक्टरीणबाई वस्तीत आल्या. मीठ, साखर, उकळून गार केलेलं पाणी, असं करून दाखवलं आणि म्हणाल्या, जुलाबात मूल मरतं ते पाणी न दिल्याने. शेवंती त्यांच्यासमोर बसली होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "हे शाळेत का नाही शिकवत?" त्या संध्याकाळी शेवंती पाटी घेऊन माझ्या दारात आली.

"भाऊ, मला वाचायला शिकवा."

मी शिकवलं. खरं सांगतो, माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच. ती दुपारी भांडी घासून यायची आणि पुड्यांचे कागद वाचायची, जसा मी वाचायचो. पण मी कथा शोधायचो, ती औषधाच्या पाकिटावरची तारीख शोधायची. पुढे ती रात्रशाळेत गेली आणि चाळिशीला टेकल्यावर दहावी झाली. पेढे घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी पेढा खाल्ला. आत कुठेतरी तो कडू लागला, हेही लिहून ठेवतो.

टेकडीखालच्या दवाखान्यात तिला आरोग्यसेविकेचं काम मिळालं. निळी साडी, खांद्याला पिशवी, हातात वही. तिने आमच्या टेकडीला किती शिकवलं ते मोजता येणार नाही. शाळेत जाऊन सातवीच्या मुलांच्या हातात गोळ्यांचं पाकीट द्यायची. "यावर शेवटची तारीख कुठे आहे, दाखव." मुलं कविता धडाधड म्हणायची, पण ती तारीख एकालाही सापडायची नाही. मग मास्तरांकडे वळायची. "सर, कविता राहू द्या, पण हेही शिकवा. ही पोरं उद्या आईला औषध देणार आहेत." मुलींना पाळी येण्याआधी पाळी समजावून सांगायची. आया शिव्या द्यायच्या, ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायची.

मग माझ्या नंदूला टीबी झाला.

नंदू माझा एकुलता मुलगा, सत्तावीस वर्षांचा, साकीनाक्याला लेथवर काम करतो. वैशाखात त्याचा खोकला थांबेना, अंग उतरलं. शेवंतीनेच त्याला दवाखान्यात नेलं, थुंकी तपासली, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने, रोज सकाळी, एकही दिवस चुकवायचा नाही. घरात एक कार्ड दिलं. गोळी घेतली की त्या दिवशी खूण करायची. शेवंती आठवड्याला येऊन रिकामी पाकिटं बघायची, कार्ड बघायची आणि खाली सही करायची.

"खूण तुम्ही करा, भाऊ," ती म्हणाली होती. "नंदू विसरेल. तुमचं अक्षर मला वाचता येतं, तुम्हीच शिकवलंय."

श्रावणापर्यंत नंदू भरला. गालांवर रंग आला, खोकला गेला. गणपतीला गावी जायचं ठरलं, आणि त्याच वेळी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. एक चांगलं स्थळ होतं. मुलगी बघायची, जमलं तर सुपारी फोडायची. शेवटी तो अडखळत म्हणाला, "भाऊ, सगळां बरां आसा, पण ता औषध हय नको. मागीलदार सगळ्यांचा एकच. लाल पाणी बघून लोक विचारतले."

या गोळ्यांनी लघवी लाल होते. दवाखान्यात सांगतात, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. पण मागच्या दारी एकच मोरी असलेल्या, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, गणपतीच्या दिवसांत, ते कुणाला सांगत बसायचं? टीबीचा पोरगा म्हटल्यावर मुलगी कोण देणार?

शेवंती सगळ्या मुक्कामाची पाकिटं घेऊन आली. "भाऊ, तिकडे एक दिवस चुकवू नका. लग्नाचं असेल तर मुलीकडच्यांना खरं सांगा. औषध घेतलेला माणूस कुणाला लागण करत नाही, मी येऊन समजावते हवं तर. फोन लावून द्या मला."

"मला ठाऊक आहे सगळं," मी म्हणालो.

ती थांबली. दुसऱ्यांदा विचारेल असं वाटलं. पण समोर मी होतो, तिला पाटीवर अक्षर गिरवायला लावणारा. तिने विचारलं नाही.

ती गेल्यावर नंदू म्हणाला, "बाबा, घेऊन जाऊया ना गोळ्या. लपवून खाईन यार. शेवंतीकाकू बोलते तर काहीतरी असेल."

"घागर भरली की पाणी ओतायचं थांबवतात," मी म्हणालो. "तू भरलास. आता ओतलेलं सांडणारच."

किती छान बोललो मी. बोलायचं मला येतं. नंदूला पटलं. पाकिटं कपाटात राहिली आणि आम्ही गावी गेलो. मालकाने दसऱ्यालाच ये म्हटलं होतं, म्हणून महिन्याहून जास्त राहिलो. सुपारी फुटली. मुलगी सई, बालवाडीत शिकवणारी, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. लग्न वैशाखात ठरलं.

परत आल्यावर मी कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी शेवंती येणार होती. मी खिडकीत बसलो आणि एकेक गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढली. पाकिटाचा चंदेरी कागद फुटल्याचा तो बारीक आवाज अजून कानात आहे. गोळ्या मागच्या नाल्यात सोडल्या, रिकामी पाकिटं रबराने बांधून ठेवली. मग चष्मा पुसला, पेन घेतलं आणि चुकलेल्या सगळ्या दिवसांच्या खुणा केल्या. सुरेख, एका रेषेत.

शेवंतीने पाकिटं बघितली, कार्ड बघितलं, सही केली. "शाब्बास रे नंदू," म्हणाली. नंदूने मान खाली घातली. तिला वाटलं, लाजला.

उरलेले दिवस त्याने गोळ्या घेतल्या. कार्तिकात औषध संपलं. संक्रांत झाली आणि खोकला परत आला. या वेळी थुंकीत रक्त होतं.

तपासणी झाली. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. मी, नंदू आणि शेवंती. डॉक्टर म्हणाले, आधीच्या गोळ्या आता याला लागू पडत नाहीत, जंतू त्यांना सरावलेत. नवं औषध कडक आहे, जास्त महिने लागतील, त्रास होईल. मग त्यांनी विचारलं, "मध्ये औषध बंद केलं होतं का?"

नंदूने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी कार्ड शेवंतीपुढे सरकवलं. ती ते बराच वेळ बघत राहिली. मी बघत होतो तिचं बोट कुठे जातंय ते. गणपतीच्या आदल्या दिवसाच्या खुणेवर बोट थांबलं. तिथून दसऱ्यापर्यंतच्या सगळ्या खुणा एकाच शाईच्या, सारख्याच तिरक्या, एका बैठकीत केलेल्या. माझं अक्षर तिच्याइतकं कुणी ओळखत नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी अजून तक्ताच वाचत होतो. तक्त्यावर हात धुण्याच्या पायऱ्या होत्या.

"सही तुमची आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, माझीच."

"डोळ्यांसमोर गोळी घेताना बघितलं होतं?"

"नाही. न बघता सही केली."

ती एवढंच बोलली. माझं नाव तिने घेतलं नाही. होळीच्या आठवड्यात तिला कामावरून कमी केलं.

नंदूने सईला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी थांबते. तिचे वडील म्हणाले, लपवणाऱ्या घरात मुलगी देणार नाही. ते चूक बोलले असं मला म्हणता येत नाही.

शेवंती आता स्टेशनजवळ एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. पण रोज सकाळी कामाला जायच्या आधी आमच्या दारात येते. निळी साडी नाही, पिशवी नाही. नंदू तिच्यासमोर गोळ्या घेतो. नव्या गोळ्यांनी त्याला उलट्या होतात, कानात आवाज येतो. ती पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "तोंड उघड. जीभ वर कर." मग जाते.

एका सकाळी मी तिला पायऱ्यांवर गाठलं. म्हणालो, "शेवंती, मी दवाखान्यात जाऊन सांगतो."

"सांगा की. आधीच सांगायला हवं होतं." ती एक पायरी खाली उतरली, मग थांबली. "मला काम परत मिळेल कदाचित. पण भाऊ, या टेकडीवर अजून चार घरांत पाकिटं लपवलेली आहेत. मला ठाऊक आहे कुठली ती. मी बोलले तर म्हणतात, प्रश्नपत्रिका आली. तुमची गोष्ट मात्र मांडी घालून ऐकतात. गावकीच्या खोलीत सांगा. तुमचं नाव घेऊन सांगा. बापाने केलं म्हणा. मग दवाखान्यात नाही गेलात तरी चालेल."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

महिन्याचा दुसरा रविवार आला. खोली भरली होती. बायका भिंतीला टेकून, पुरुष मध्ये, शेवंती दाराजवळ. नंदू तिच्या शेजारी, तोंडाला मास्क लावून. मी सुरुवात केली.

"एका गावात एक बाप होता," मी म्हणालो.

ते शब्द तोंडातून गेले तेव्हाच मला कळलं की मी काय करतोय. पण गोष्ट चालू झाली होती, आणि गोष्ट चालू झाली की मी थांबत नाही. मी घागर सांगितली. मागीलदार सांगितलं. खिडकीतला तो बारीक आवाज सांगितला, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विशालसुद्धा हलला नाही. अशी गोष्ट मी आजवर सांगितली नव्हती. संपल्यावर विशाल म्हणाला, "भाऊ, काय माणूस असेल हो तो. पोटच्या पोराला असं करतो?"

दारातून शेवंतीने विचारलं, "कोण तो बाप, भाऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. किती प्रेमाने बघत होते.

"असाच एक," मी म्हणालो. "लांबच्या वाडीतला."

ती उठून उभी राहिली. पदर खोचला. आणि तिच्या जन्मभराच्या सवयीप्रमाणे तिने दुसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, जणू पाटीवरचं अक्षर पुन्हा गिरवायला सांगतेय.

"कोण होता तो बाप?"

"गोष्टीतल्या माणसाला नाव नसतं गं," मी म्हणालो. विशाल हसला. आणखी दोघे हसले.

शेवंतीने चपला पायात घातल्या. पायऱ्यांवरचा दिवा नुकताच लागला होता. ती एकेक पायरी उतरत गेली, घाईने नाही, मागे वळून नाही. वळणावरच्या नळाशी कुणीतरी तिला काही विचारलं, तिने थांबून उत्तर दिलं, आणि मग ती दिसेनाशी झाली. खोलीत लोक चहा मागत होते. ती जाताना माझ्याशिवाय फक्त नंदूने बघितलं. दारात उभा राहून, चौकटीला धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने मास्क खाली केला, आत वळला आणि माझ्याकडे बघू लागला.