नळीवरचं बोट

कॉलेजात मला कुणी नावाने हाक मारत नसे. मी ‘स्टँड’ होते. ‘ए स्टँड, इकडं ये’ अशी हाक आली की वही मिटून उठायचे, आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीला जरा मिरवतच उठायचे.

पूर्णेच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला एकच कलरीमीटर होता. रंगीत पाण्यातून उजेड किती आरपार जातो ते मोजणारं यंत्र. चौकोनी काचेची नळी खाचेत उभी करायची, झाकण लावायचं, आकडा वाचायचा. नळी हलू नये म्हणून खाचेत एक स्प्रिंग असते. आमची तुटलेली होती. नळी कलायची, टेबलाला कुणाची ओढणी लागली तरी आकडा पळायचा. एकाच मोरचुदाच्या पाण्याचे पाच जण पाच आकडे आणायचे आणि पाचही जण भांडायचे.

प्रॅक्टिकलच्या सरांनी यावर उपाय काढला. एकेकाला त्यांनी नळीचा काठ वरून बोटाने दाबून धरायला लावला. कुणाचं बोट थरथरलं, कुणाचं घामाने निसटलं. माझं हललं नाही. सरांनी माझा तळहात उलटा करून सगळ्या बॅचला दाखवला. “बघा, उसाच्या फडातला हात हाय. कोयता धरून धरून पक्का झालाय. असला स्टँड कंपनी बी देत न्हाई!” बॅच हसली, मीही हसले. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही. त्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

बोट ठेवलं की झाकण लागायचं नाही, म्हणून वरून जुन्या छत्रीचं काळं कापड पांघरायचं. मी कापडाखाली हात घालून उभी, बाकीचे आकडे लिहिणार, आलेख काढणार, कँटीनला जाणार. माझ्या वहीत त्यांचेच आकडे उतरवलेले असत. एकदा धीर करून म्हटलं, “सर, मला बी एकदा करू द्या की.” सर म्हणाले, “तू काय, रोजच करायलीस की.” पुढच्या नळीसाठी मला तिथेच उभं केलं.

घरी बापाने एक गोष्ट बजावून ठेवली होती. आमच्याकडे उसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून गाडीत चढवायच्या. वहिनीचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून भावाचा कोयता अर्धा पडला होता. बाप म्हणाला, “पास झालीस तर शिक, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झालीस तर दिवाळीला भावासंगं चल.” आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मी होऽ म्हटलं. नापास होणार नाही याची मला खात्रीच होती, कारण वर्गात सगळ्यांत जास्त वेळ त्या यंत्रापाशी मीच उभी असायचे.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. अशा दिवशी आमच्या कॉलेजात जावई आल्यासारखी गडबड असते: कचोरी, केळी, चहा, पुन्हा चहा. चिठ्ठ्या उचलल्या, मला कलरीमीटरच आला. मी आमच्या गावाहून, चुडाव्याहून, गाडीत येताना मनात जे जे घोकलं होतं तेच. पाण्यात मोरचुदाचं द्रावण थोडं थोडं वाढवत मी माझ्या नळ्या रांगेत लावल्या. फिका निळा, त्याहून गडद, त्याहून गडद. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या हाताने केलेल्या. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात सर कानाशी आले. “आधी ह्यांचं होऊ दे. तू धर.” यंत्र मोडकं आहे हे परीक्षकांना कळलं असतं तर सरांची लाज गेली असती. म्हणून मी धरलं. एकाचं झालं, दुसरीचं झालं. तिसरी माझ्या बाकावरची मैत्रीण, रेल्वेतल्या बाबूची मुलगी. तिने तर प्रत्येक आकडा दोनदा घेतला, खात्रीसाठी. कापडाखाली माझं बोट बधिर झालं होतं. तिचं संपल्यावर मी म्हटलं, “आता माझ्यासाठी धर गं.” तिने घड्याळ बघितलं, म्हणाली, “माझी तोंडी हाय ना आता,” आणि गेली.

एका हाताने नळी दाबत, दुसऱ्याने बटण फिरवत मी शून्य लावायला बघत होते, तोच परीक्षकांनी वेळ संपल्याचं सांगितलं. माझा कागद उचलून त्यांनी पाठपोट बघितला. “रीडिंग कुठे आहेत?”

“सर, मी सगळ्यांच्या नळ्या धरत होते.”

“का?”

मी आमच्या सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “तिला हौस हाय सर. स्टँडच म्हनतेत तिला.”

परीक्षकांनी कचोरीचा तुकडा मोडला. “स्टँडला मार्क नसतात,” ते म्हणाले. दोघेही हसले. मैत्रीणही हसली, तोंडी परीक्षेच्या खुर्चीत बसून.

दिवाळीनंतर मी भावाबरोबर फडात गेले. तिथलं काय सांगायचं. पहाटेच्या थंडीत पाचटाने कापलेले हात, गाडी भरेपर्यंत पोटात काही नाही. मुकादमाने पहिल्याच आठवड्यात शाबासकी दिली, पोरगी हाताची पक्की हाय म्हणून.

उन्हाळ्यात परतल्यावर राहिलेल्या प्रॅक्टिकलला पुन्हा बसले. बापाने एवढी सवलत दिली होती, एकदाच. प्रयोगशाळेत गेले तर कलरीमीटर तोच, पण नळी खाचेत ताठ उभी. मी वाकून बघितलं. आत नळीच्या मागे पेनातली स्प्रिंग दाबून बसवलेली होती.

“ही कवा बसवली, सर?”

“दिवाळीनंतर, तू गेल्यावर. दुसरं कोनी उभं ऱ्हायला तयार न्हाई ना. चहा येईस्तोवर बसली बग.”

“मग आधी का न्हाई बसवली?”

सरांना प्रश्नच कळला नाही. “तवा तू व्हतीस की,” ते म्हणाले.

ती नळी त्यांच्या टकलावर फोडावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पुढे पास झाले, शिकले, नोकरीला लागले, तरी वाटायचं थांबलेलं नाही.

पण परीक्षा सुरू झाली होती. या खेपेला परीक्षक बाई होत्या आणि त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. मी नळी पुसली, खाचेत सोडली. आकडा आला. आणि माझा हात, मला न विचारता, उठला आणि बोट नळीच्या काठावर जाऊन बसलं.

“हात काढ तो!” बाई ओरडल्या. “झाकण लावायचं असतं, एवढंही शिकवलं नाही का तुला?”

“शिकवलंय की, मॅडम,” सर म्हणाले. “ह्या पोरींच्या डोक्यात ऱ्हात न्हाई.”

मी हात काढला. झाकण लावलं. आकडा जागचा हलला नाही.