नाटकातला गणवेश

आमच्या नाटकातल्या लहान मुलाचं काम कायम माझ्याकडं असायचं. त्याला कारण माझी उंची. बीएच्या शेवटच्या वर्षालासुद्धा बसचे कंडक्टर मला अर्धं तिकीट फाडू का विचारायचे, आणि आमची मंडळी त्यावर आठवडाभर हसायची.

आम्ही सहाजण होतो, बिदर आणि हुमनाबादच्या कॉलेजांतले. लहान मुलांना वेठीला धरतात त्याविरुद्ध गावोगाव पथनाट्य करायचो. मराठीत सुरू करायचो आणि समोर कानडी माणसं जास्त दिसली की मधेच कानडीत शिरायचो. नाटकात मी वीटभट्टीवरचं पोर. डोक्यावर विटा घेऊन चालायचं, पडायचं, मग गाव जागं होतं आणि शेवटच्या प्रवेशात मी गणवेश घालून शाळेला निघते. विटा थर्माकोलच्या, वरून गेरू फासलेला.

हुमनाबादच्या अलीकडं एका खऱ्या भट्टीशेजारी आम्हाला मोकळं रान मिळालं. भट्टीच्या मालकानंच दिलं. आठ दिवस आमचं सामान त्याच्या शेडमध्ये आणि तालीम त्याच्या रानात. तिसऱ्या दिवशी तालमीत मी विटा डोक्यावर घेतल्या तर मागून हसण्याचा आवाज आला. दहाएक वर्षांची मुलगी होती, केसांत माती, हातात रिकामं घमेलं.

"अक्का, अशा न्हाईत धरत. मान मोडंल की."

तिनं जुन्या फडक्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर ठेवली, थर्माकोलची वीट उचलली आणि पुन्हा हसली. "ह्या तर वाऱ्यानं उडून जायल्यात. कामून खोट्या घेतलाव?"

तिचा बाप मालकाकडून उचल घेऊन हंगामाला आला होता आणि मधेच कुठंतरी निघून गेला होता. तो परत येईपर्यंत त्याच्या जागी हिनं विटा वाहायच्या आणि मायलेकींनी भट्टी सोडायची नाही, असं ठरलेलं. कुणी ठरवलं ते तिला माहीत नव्हतं. आम्ही ज्याविरुद्ध गावोगाव ओरडत होतो ते हेच. आमच्यापासून वीस पावलांवर होतं.

आमची कामाची रीत अशी की आधी गाव आपलंसं करायचं, प्रयोग करायचा आणि मग तक्रार द्यायची. आधीच तक्रार दिली तर गावात पाऊल ठेवू देत नाहीत. म्हणून आम्ही गप्प राहिलो. पण मी तिला सांगून टाकलं, तुला इथून बाहेर काढणार. ती म्हणाली, "आईला बी?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती रोज काम आटोपून यायची आणि माझी चाल सुधारायची. चार दिवसांत मी इतकी चांगली मजूर झाले की सगळे माझं कौतुक करायला लागले.

आता सत्काराबद्दल. आमच्या भागात हार-शालीशिवाय कार्यक्रम होत नाही. ज्यानं सतरंजी दिली त्याचा सत्कार, ज्यानं माइक दिला त्याचा सत्कार, आणि एखाद्याचं नाव राहिलं तर तो वर्षभर बोलत नाही. सत्काराची यादी माझ्याकडं असायची. मी पहिलं नाव मालकाचं लिहिलं. आमच्यात बिदरच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, तोच आमचा म्होरक्या. तो यादी बघून म्हणाला, "बरोबर हाय. जागा त्यांची, मंडप त्यांचा. हार न्हाई घातला तर बरं दिसत न्हाई." सहाजणांतल्या एकालाही वेगळं काही वाटलं नाही. शाल मीच बिदरहून आणली.

माणसं मधेच उठून जाऊ नयेत म्हणून सत्कार नाटकानंतर ठेवला होता. प्रयोग रंगला. मी मागं जाऊन कपडे बदलत होते तेव्हा ती आली आणि माझ्या गणवेशाकडं बघत उभी राहिली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट.

"एकदा घालू?"

मी घालू दिला. कमरेत ढगळ होत होता म्हणून दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना लावल्या. तिचे केस विंचरून दिले. तेवढ्यात म्होरक्यानं हाक मारली, सत्काराचं तबक धरायला कुणी नाही. मी तिलाच पाठवलं. मला वाटलं, पोरीला जरा मिरवू दे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मालकाच्या खांद्यावर आम्ही शाल घालतोय आणि शेजारी गणवेशातली मुलगी तबक धरून सरळ उभी आहे. नौबादला आमच्या घरी माझ्या वडिलांनी तो फोटो कापून कपाटाच्या काचेवर चिकटवला. तो अजून तिथंच आहे. मी काढलेला नाही.

तिनं गणवेश घडी घालून परत दिला होता. मी म्हटलं, शाळेत जाशील तेव्हा हा तुझाच. मग आम्ही तक्रार दिली. तपासणीला कामगार खात्याचे साहेब यायला आठ दिवस लागले. आम्हीही गेलो. भट्टीवर एकही लहान मूल नव्हतं. मालकानं सगळ्यांना चहा दिला आणि पेपरचं कात्रण साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेबांनी बोट ठेवून विचारलं, "तक्रार ह्याच पोरीची ना? ही तर शाळेच्या गणवेशात आहे."

मी म्हटलं, "तो नाटकातला आहे."

"आणि सत्कार? तोही नाटकातलाच का?"

 मालकच आमच्या बाजूनं बोलला. "लेकरं हाईत साहेब, चुकतंय कधी. काम चांगलं करायलेत. पोरगी आईसंगं मामाच्या गावाला गेलीय, तिथंच शाळंला जायलीय." साहेबांनी ते लिहून घेतलं. शेडमागं एक बाई विटा थापत होती. मान वर न करता ती मला म्हणाली, "दोघींला गाडीत घालून नेलं. अफजलपूरकडं म्हणत्यात."

मी दोनदा अफजलपूरला जाऊन आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधेमधे भट्ट्या. मी विचारत फिरले, लोकांनी पाणी दिलं, बसायला जागा दिली आणि कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळच्या बसनं परत आले. मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सगळे म्हणत, तू खंबीर आहेस. मला काहीच वाटत नव्हतं, एवढंच खरं होतं.

पंधरा दिवसांनी निर्णा गावाला प्रयोग होता. रद्द करावा असं कुणीच सुचवलं नाही. विटांचा प्रवेश झाला. मी चुंबळ नीट वळून डोक्यावर ठेवली होती, मान ताठ होती. मी पडले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. पडद्यामागं जाऊन पिशवीतून गणवेश काढला, घाईनं घालायला गेले तर स्कर्ट कमरेवर चढेना. दोन्ही बाजूंच्या पिना तशाच होत्या.

बाहेर गाव जागं झालं होतं, माझी वाट बघत होतं. मी एक पिन काढली, मग दुसरी. हूक लावला आणि शाळेला निघाले. टाळ्या खूप पडल्या.